बसायचं का? मराठवाड्यात वीकेंडचं पार्टी गाणं बसवताना

मराठवाड्यात वीकेंडचं गाणं लिहायला घेतलं की पहिली अडचण दारूची येत नाही, वाराची येते. शनिवारची रात्र म्हणजे धिंगाणा, हे बाहेरून आलेल्या गाण्यांनी शिकवलं. पण इकडं शनिवार मारुतीचा. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, कुणी देवीसाठी मंगळवारही धरतं. 'वार पाळणारी' माणसं मित्रांच्या प्रत्येक घोळक्यात एक-दोन असतातच, आणि मटणाचं पातेलं चढवण्याआधी 'आज वार कोणता?' हा प्रश्न कुणीतरी विचारतोच. उरतात बुधवार, शुक्रवार आणि रविवार. त्यामुळे 'शनिवार आला, ग्लास भरा' असा मुखडा लिहिला की अर्धी मंडळी मनातल्या मनात कानाला हात लावतात.

शिवाय वीकेंड नेमका कुणाचा? सरकारी कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून लागू झाला, म्हणजे शनिवार-रविवार जोडून सुट्टी मिळणारा एक वर्ग तयार झाला खरा. वाळूज किंवा शेंद्र्याच्या एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करणाऱ्याची सुट्टी कंपनी ठरवेल त्या दिवशी. तालुक्याच्या गावी तर आठवडा मोजला जातो बाजाराच्या दिवसापासून. मजुरी हातात पडते त्या दिवशी, पोरं गावात येतात त्या दिवशी, आणि जे काही बसणं-उठणं व्हायचं ते त्याच संध्याकाळी. 'वीकेंड' हा शब्द गाण्यात घालायला हरकत नाही. मात्रा मोजल्या तर वीकेंड पाच आणि शनिवारही पाच, रविवारही पाच, कुठलाही कुठंही बसतो. पण गाणं त्या शब्दावर उभं करू नका. उभं करायचं ते वाराच्या कटकटीवर. ती सगळ्यांच्या घरात आहे.

दुसरी गोष्ट भाषेनं आयती दिली आहे. 'आज बसायचं का?' असं मित्रानं विचारलं तर कुणी खुर्ची शोधत नाही. बसणे म्हणजे पिणे, हे सगळ्यांना कळतं. आणि तरी आजी शेजारी असेल तर ते फक्त बसणंच असतं. वरातीत या दुहेरी अर्थाची किंमत मोठी आहे. वरातीत नाचणाऱ्यांत प्यालेले थोडेच असतात; बाकी करवल्या, मामा-मावश्या, दहावीतली पोरं. गाणं दारूबद्दल असलं तरी ते न पिणाऱ्यांनी मोठ्यानं म्हणावं असं हवं. 'दारू', 'पेग', 'बाटली' मुखड्यात आले की मावशी गप्प होते आणि डीजेला खिडकीतून कुणीतरी खूण करतो. हे शब्द अंतऱ्यात ठेवा, तिथं तसंही कुणी नीट ऐकत नाही.

मुखडा असा धरू:

आज बसायचं का? — बसू की बे!
वार कोणता हाय? — असू दे बे!

पहिला अर्धा एकट्या गायकाचा, दुसरा सगळ्यांचा. आता मात्रा बघा. 'आज बसायचं का' अकरा, 'वार कोणता हाय' अकरा. 'बसू की बे' सात, 'असू दे बे' सात. कागदावर ओळ अठरा मात्रांची झाली, आणि ठोक्याला दोन मात्रा धरल्या तर चार ठोक्यांच्या दोन आवर्तनांत मावतात सोळा. इथंच बरेच जण शब्द कापायला लागतात. कापू नका, सरकवा. 'आज ब' एवढं समेच्या, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या ठोक्याच्या, आधी टाका आणि सम 'सा'वर घ्या. सा-य-चं-का सात मात्रा झाल्या. आठवी मात्रा उत्तरातल्या 'ब'ची. पुढची सम 'सू'वर. सू दोन, की दोन, बे एक, आणि उरलेल्या तीन मात्रांत पुढच्या ओळीचं 'वार'. मग सम 'को'वर, 'हाय'मधला य गिळायचा, आठव्या मात्रेवर 'अ', आणि पुन्हा सम 'सू'वर. चौथ्या आवर्तनाच्या शेवटी परत 'आज ब', तेही आता तीन मात्रांत दाबून. चक्र पूर्ण.

उत्तराची सम 'सू'वर पडते हे महत्त्वाचं. दीर्घ ऊ ओरडायला सोपा, आणि त्याआधीचा 'ब' उच्चारताना ओठ मिटावे लागतात. शंभर माणसं एकाच क्षणी ओठ मिटून उघडतात, म्हणून तो आवाज एकत्र फुटतो. हेच उत्तर 'हो हो चालेल' असं ठेवलं असतं तर 'ह'वर काहीच अडत नाही, प्रत्येक जण आपापल्या वेळेला सुरू होतो आणि गर्दीचा नुसता गलका होतो.

'बे' नांदेड-हिंगोली-परभणीकडं सहज तोंडात येतं. लातूर-धाराशिवकडं काहींना ते उद्धट वाटतं. तिथल्या कार्यक्रमासाठी 'बसू की रे' म्हणून दुसरा टेक घेऊन ठेवावा, मात्रा त्याच. अंतऱ्यात 'करायलास', 'यायलोय', 'बसायलोय' ही रूपं बिनधास्त वापरा. 'तू काय करत आहेस' हे वाक्य गाण्यात तरी इकडं कुणी बोलत नाही. आणि 'चला वीकेंड साजरा करूया' असली ओळ तर मुळीच नको. साजरा वाढदिवस होतो, स्वातंत्र्यदिन होतो. बसणं साजरं होत नाही.

अंतऱ्यात मापं आली की ती बरोबर असली पाहिजेत. ऐकणारे या विषयात पदवीधर असतात. क्वार्टर १८० मिलिलिटर, अद्धी ३७५, खंबा ७५०. लहान पेग ३०, मोठा ६०. म्हणजे क्वार्टरमध्ये तीन मोठे किंवा सहा लहान. खंब्यात चार क्वार्टर बसून वर ३० मिलिलिटर, म्हणजे एक लहान पेग, उरतो. 'खंब्याच्या पाच क्वार्टर' असं यमकासाठी लिहिलं की पहिल्याच कमेंटमध्ये कुणीतरी हिशेब मांडतो. उलट हिशेब बरोबर ठेवला तर त्यातूनच विनोद निघतो:

चौघांत क्वार्टर एक, पंचेचाळीस वाट्याला
पाणीच जास्त प्यालास, झोकांडी कशाला?

चकण्यातही नेमकेपणा हवा. 'स्नॅक्स' लिहिण्यापेक्षा खारे दाणे, फुटाणे, मसाला पापड, कांद्यावर पिळलेलं लिंबू. एकट्या चकण्यावर ताव मारून बिलाच्या वेळेला फोन कानाला लावून बाहेर जाणारा मित्र प्रत्येक घोळक्यात असतो. दुसरा अंतरा त्याला देऊन टाका. ब्रँडचं नाव मात्र घेऊ नका. दारूची जाहिरात टीव्हीवर चालत नाही, केबल टेलिव्हिजनचे १९९४ चे नियम त्याला मनाई करतात, आणि नाव घेतलेलं गाणं वाहिनीवाले हातात घ्यायला कचरतात. शिवाय ब्रँड बदलत राहतात, क्वार्टर तशीच राहते.

आता ठेका. क्लबसाठी १२४ ते १२८ बीपीएम, म्हणजे मिनिटाला तेवढे ठोके, ठीक. पण मराठवाड्यात हे गाणं वाजणार ते वरातीत, हळदीत, आणि गाडीच्या मागं लावलेल्या बॉक्सवर. तिथली माणसं जागेवर उड्या मारत नाहीत, नाचत नाचत पुढं सरकत असतात. १२८ ला दोन गाण्यांत दम लागतो, त्यातून मे महिन्याची रात्र. ९६ ते १०४ मध्ये पाय पडायला जागा मिळते. १०० धरला तर हिशेबही सोपा: एक ठोका ०.६ सेकंद, चार ठोक्यांचं आवर्तन २.४ सेकंद, आठ आवर्तनं १९.२ सेकंद. वरचा मुखडा चार आवर्तनांचा, म्हणजे ९.६ सेकंद, दोनदा म्हटला की आठ.

मांडणी अशी करता येते. सुरुवातीला चार आवर्तनं नुसती हलगी, मग लगेच आठ आवर्तनं मुखडा, आठ आवर्तनं नुसता ठेका नाचायला, सोळाचा पहिला अंतरा, चार आवर्तनांची चढण (मुखड्याआधी जोर वाढवत नेणारा भाग), पुन्हा मुखडा आठ, ठेका आठ, दुसरा अंतरा आठचाच, चढण चार, आणि शेवटी मुखडा सोळा. एकूण चौऱ्याऐंशी आवर्तनं, ३ मिनिटं २२ सेकंद. दुसरा अंतरा पहिल्याच्या निम्मा ठेवलाय तो मुद्दाम. तिथं लोक शब्दांसाठी थांबलेले नसतात, मुखड्याची वाट बघत असतात. पहिला मुखडा दहा सेकंदांच्या आत यायलाच हवा. मोबाईलवर अंगठा त्याहून जास्त थांबत नाही.

चढणीत एक चूक सर्रास होते. हलगी, टाळ्या, खर्ज (खालचा, बेसचा सूर), सगळंच वाढवत नेतात आणि मुखडा आला की आवाज मोठा व्हायला जागाच उरत नाही. चढणीच्या शेवटच्या आवर्तनात उलट सगळं काढून घ्या. खर्ज बंद, किक (ठेक्यातल्या मोठ्या ड्रमचा ठोका) बंद, फक्त गायकाचा 'आज ब...' कोरडा ऐकू येऊ द्या. ती शांतता हाच सगळ्यात मोठा धमाका.

हलगी खरीच वाजवून घ्या. सॅम्पलमधली, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या तुकड्यातली, हलगी प्रत्येक ठोक्याला तीच वाजते आणि दहाव्या सेकंदाला कळते. खऱ्या हलगीवर एका हातातली जाड काठी घुमारा काढते आणि दुसऱ्या हातातली बारीक काडी कडेला तडतडते. दोन्हींचा जोर दर ठोक्याला थोडा वेगळा. चामडं शेकून ताणलं की मगच ती बोलते. पावसाळी हवेत दहा-पंधरा मिनिटांत उतरते, म्हणून शेकोटीची सोय रेकॉर्डिंगच्या खोलीबाहेर पण जवळ हवी, आणि दर दोन टेकनंतर परत शेकायची. नाहीतर पहिल्या मिनिटाची आणि तिसऱ्या मिनिटाची हलगी दोन वेगळ्या गावांतली वाटते. माईक साधा डायनॅमिक चालेल, हलगीपासून दोन-अडीच फूट, तोंड मधोमध न ठेवता जरा कडेकडं. गेन असा ठेवा की सगळ्यात जोराचा ठोकासुद्धा उणे १० डेसिबलच्या वर जाणार नाही. हलगीचा ठोका इतका झटपट येतो की मीटरवर हिरवं दिसत असतानाही तो फाटलेला असू शकतो. फाटलेला ठोका नंतर दुरुस्त होत नाही.

संबळ मात्र यात आणू नये असं आमचं स्पष्ट मत. आवाज कितीही जबर असला तरी तुळजापूरच्या वाटेवर तो आवाज गोंधळाचा, देवीचा आहे. त्याच्यावर क्वार्टरचे हिशेब टाकले की गाणं वाजण्याआधीच भांडण वाजतं.

सूर निवडताना गायकाला काय सोयीचं एवढंच बघून चालत नाही, खर्जाच्या बॉक्सला काय सोयीचं तेही बघावं लागतं. पुरुष गायक सवयीनं पेटीवरची काळी एक पट्टी षड्ज म्हणून धरतात. काळी एकचा खालचा षड्ज येतो ३४.६ हर्ट्झवर, आणि गाडीवरचे अठरा इंची बॉक्स साधारण ४० च्या खाली नुसतेच हलतात, आवाज देत नाहीत. एक सप्तक वर घेतला तर ६९.३, तिथं खर्ज पोटात न बसता छातीवर आदळतो आणि किकच्या पायात येतो. म्हणून हे गाणं काळी तीनमध्ये बांधावं. तिचा खर्ज ४६.२५ हर्ट्झ, बॉक्सच्या नेमका हातातला. पुरुषाला मुखडा षड्ज ते पंचमात आरामात म्हणता येतो, आणि चाल पाच सुरांच्या पुढं जाऊ दिली नाही (सा, रे, कोमल ग, म, प) तर गर्दीलाही जमतो. प्रश्न मध्यमावर टांगता ठेवा, उत्तर पंचमावरून उतरत षड्जावर आणून टाका. बायकांना तोच मुखडा सप्तकभर वर चढा पडतो, म्हणून अंतरा गायिकेचा असेल तर तिला वेगळी, बसकी चाल द्या. दोघांनाही एकाच चालीत ओढलं की एकजण किंचाळतो किंवा दुसरा पुटपुटतो.

आवाज रेकॉर्ड करताना या विषयाची एक खास पीडा आहे: सगळे शब्द 'प'चे. पार्टी, पेग, पाणी, पापड, पगार, पिणं. 'प' म्हणताना तोंडातून हवेचा झोत सुटतो, तो माईकच्या पडद्यावर आदळतो आणि रेकॉर्डिंगमध्ये 'भप्प' असा आवाज येतो. तळहात तोंडासमोर धरून 'पगार' म्हणून बघा, झोत कळेल. 'बसू' म्हटलं तर फार थोडा. उपाय चार, आणि चारही एकदम करावे लागतात. तोंड ते माईक अंतर एक वीत, १५ ते २० सेंटिमीटर. मध्ये जाळी, माईकपासून चार बोटं लांब. माईक तोंडाच्या सरळ रेषेत नको, जरासा बाजूला वळवून, म्हणजे झोत शेजारून निघून जातो. आणि रेकॉर्ड झाल्यावर ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं काढून टाकायचं. 'शुक्रवार', 'शेंगदाणे', 'सोडा' यांतला स-श टोचतो तो ५ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात. डी-एसरनं (स-श दाबणाऱ्या सॉफ्टवेअरनं) तीन-चार डेसिबल दाबला की पुरे. त्याहून जास्त दाबला की गायक बोबडा वाटायला लागतो, आणि दारूच्या गाण्यात लोक त्याचा भलताच अर्थ काढतात.

खोलीचं म्हणाल तर गायकाच्या पाठीमागं आणि दोन्ही बाजूंनी जाड गोधड्या टांगा. समोरच्या भिंतीपेक्षा पाठीमागची महत्त्वाची, कारण माईकचं तोंड तिकडं असतं. पत्र्याचं छत असेल तर दुपारी रेकॉर्डिंग नको. पत्रा तापताना-निवताना टकटक वाजतो. कूलर-पंखा बंद. हेडफोन तारेचाच हवा. ब्लूटूथवर आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो, गायक त्या उशिरावर गातो आणि मग 'गायक तालात कच्चा आहे' असा त्याच्यावर आळ येतो.

प्यालेल्या माणसाचा आवाज हवा असेल तर गायकाला पाजू नका. घसा कोरडा पडतो, सूर ढिला होतो, व्यंजनं विरघळतात आणि एकही शब्द कळत नाही. प्यालेल्याचा भास कोरड्या माणसाकडूनच नीट होतो. युक्ती अशी की व्यंजनं स्वच्छ ठेवायची आणि फक्त ओळीतला शेवटचा स्वर ढिला सोडायचा. 'कशाला'मधला 'ला' सुरापासून किंचित खाली घसरू द्या आणि ठोक्याच्या २० ते ४० मिलिसेकंद मागं पडू द्या. त्याहून जास्त मागं गेलं तर ते बेताल वाटतं. ऑटोट्यून लावणार असाल तर या घसरणीच्या जागा सोडून लावा, नाहीतर सॉफ्टवेअर त्या इमानदारीनं सरळ करून ठेवतं आणि सगळी गंमत जाते.

'बसू की बे'चा गलका चार जणांत होतो. चौघांना उभं करून तीन टेक घ्या. प्रत्येक टेकला जागा बदलायच्या, पहिल्यांदा माईकपासून तीन फूट, मग पाच, मग सात. बारा आवाज मिळाले. त्यात निदान एक बाईचा हवा, नाहीतर गलका हॉस्टेलसारखा ऐकू येतो. लहान पोराचा मात्र नको. ही ओळ त्याच्या तोंडी शोभत नाही.

ग्लास किणकिणण्याचा आवाज सुरात लावता येतो, हे फार थोडे जण करतात. काचेच्या ग्लासात पाणी वाढवत चमच्यानं वाजवत जा. पाणी वाढलं की सूर उतरतो. काळी तीनचा षड्ज किंवा पंचम लागला की थांबा. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारून आवाज काढायचा असेल तर गणित उलटं: पाणी वाढलं की सूर चढतो, कारण तिथं वाजते ती काच नव्हे, आतली हवा. स्टीलचा ग्लास फार वेळ झणझणत राहतो, प्लॅस्टिकचा वाजतच नाही. सोड्याचं बूच उघडतानाचा 'फस्स' मुखड्याच्या आधीच्या रिकाम्या जागेत टाका, तेही गाण्यात एकदाच. प्रत्येक मुखड्याला टाकला की जाहिरात वाटते.

मिक्सिंगमध्ये किक आणि खर्ज एकमेकांना खातात हे सगळ्यांना माहीत आहे. किक पडली की खर्ज क्षणभर दबेल असं साइडचेन लावा, विषय संपला. खरी मेख मोबाईलची आहे. मोबाईलचा स्पीकर २०० हर्ट्झच्या खाली जवळजवळ मुकाच. म्हणजे ४६ हर्ट्झचा तुमचा लाडका खर्ज बहुतेकांना पहिल्यांदा ऐकूच येणार नाही. त्यावर थोडं सॅच्युरेशन, म्हणजे आवाजाला किंचित फाटलेपण, घातलं की ९२, १३९, १८५, २३१ असे त्याचेच वरचे सूर उमटतात, आणि कान त्यांच्यावरून खालचा सूर आपणहून भरून काढतो. उलट टोकाला गाडीवरचा डीजे. त्याच्याकडं खर्ज आधीच वाढवून ठेवलेला असतो आणि बऱ्याचदा सगळं मोनोत, म्हणजे डावं-उजवं एकत्र करून, चालतं. म्हणून १२० हर्ट्झच्या खालचं सगळं मधोमध ठेवा, आणि पूर्ण गाणं एकदा मोनोत ऐकून बघा. रुंद वाटावा म्हणून डावी-उजवीकडं पसरलेला गलका मोनोत कधीकधी गायबच होतो. वरातीत 'बसू की बे'च्या जागी पोकळी ऐकू येते ती यामुळे.

मास्टर, म्हणजे शेवटच्या पक्क्या फाईली, दोन करावेत. यूट्यूब-स्पॉटिफायसाठी लाउडनेस उणे १४ एलयूएफएसच्या (गाण्याच्या सरासरी मोठेपणाचं माप) आसपास, आवाजाचं टोक उणे १ डेसिबल. यूट्यूब मोठी गाणी खाली आणतं पण बारीक गाणी वर उचलत नाही, म्हणून उणे १४ च्या फार खाली राहू नका. डीजेसाठी उणे ९ पर्यंत जाऊ द्या, आणि आधी-नंतर आठ-आठ आवर्तनं नुसता ठेका जोडा. शंभर आवर्तनं, बरोबर ४ मिनिटं. हा ठेका नसला तर डीजेला गाणं मिसळायला जागा मिळत नाही, आणि तो ते लावतच नाही.

लिहिताना वेळेचंही भान हवं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद, वर्षातले मोजके सणाचे दिवस सोडून. रहिवासी भागात दिवसा मर्यादा ५५ डेसिबल, रात्री ४५. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. तेव्हा 'रात्रभर वाजू दे' ही ओळ वाजवणाऱ्यालाच गोत्यात आणते. 'दहाच्या आत वाजू दे' ही हसवते आणि खरीही आहे. व्हिडिओ काढताना नट पंचवीसच्या पुढचे दिसतील असे घ्या, कारण महाराष्ट्रात कडक दारूसाठी वयाची अट २५ ची आणि बिअरसाठी २१ ची. ग्लास आणि गाडीची किल्ली एका चौकटीत नको. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की मोटार वाहन कायद्याचं १८५ वं कलम लागतं. परतीच्या दृश्यात रिक्षा दाखवा, तीही तिरकी चाललेली.

हक्कांची कटकट आधीच मिटवा. गीतकार, संगीतकार, हलगीवाला, प्रत्येकाचा वाटा कागदावर, सह्यांसह, रेकॉर्डिंगच्या आधी. लोकगीताची चाल घेतलीत तर चाल मोकळी असू शकते, पण तिचं एखाद्या कंपनीनं केलेलं रेकॉर्डिंग मोकळं नसतं. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. विकत घेतलेला लूप (ठेक्याचा तयार तुकडा) जसाच्या तसा वापरू नका. तोच लूप आधी कुणी वापरून नोंदवलेला असेल तर यूट्यूबची यंत्रणा तुमच्याच गाण्यावर त्याचा दावा लावते.

प्रकाशनाची तारीख पुन्हा वाराकडंच घेऊन येते. श्रावणात हे गाणं काढणं म्हणजे उपवासाच्या दिवशी भजी तळणं. गटारीच्या, म्हणजे आषाढातल्या दिव्याच्या अवसेच्या, तीन आठवडे आधी काढा. गटारीपर्यंत ते तोंडात बसतं, श्रावणभर मुरतं. दुसरी चांगली वेळ तुळशीच्या लग्नानंतर, वराती सुरू होतात तेव्हा. सोयाबीनचे पैसेही नुकतेच हातात आलेले असतात.

आणि डीजेकडं गाणं व्हॉट्सअॅपवर पाठवू नका. ऑडिओ म्हणून टाकलेली फाईल पुढं-पुढं जाताना कुणीतरी दाबून बारीक करतोच, आणि हलगीचं तडतडणं फुसफुसायला लागतं. ३२० केबीपीएसची एमपी-थ्री पेनड्राइव्हवर घालून हातात द्या. पेनड्राइव्ह फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलेला, कारण जुने प्लेअर दुसरं काही वाचत नाहीत. देवनागरी नाव त्यांच्या पडद्यावर चौकोन-चौकोन दिसतं, म्हणून फाईलचं नाव रोमन लिपीत, आणि सगळ्यात आधी बीपीएमचा आकडा १००. अंधारात, गाडी हलत असताना, डीजे तेवढंच वाचतो.